तो प्रसाद नव्हे

पहिली चूक गोजराबाईंनीच केली, आणि तीही भर कीर्तनात.

गोजराबाई म्हणजे फुलांचा मळा करणाऱ्या धोंडीरामची थोरली बहीण. लग्नाच्या चौथ्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरच्या मळ्यात परतल्या, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली होती. मळा गंगापूर रोडच्या मागे, नदीच्या अंगाला. पुढे रस्त्याला एकेक बंगला उठत होता, तरी ह्यांच्या दोन एकरांत झेंडू आणि शेवंती फुलतच होती. उजाडता फुलं तोडायची, पाट्या भरून सराफ बाजारातल्या फुलवाल्यांकडे धाडायच्या, आणि दिवस कलला की जिथे टाळ वाजेल तिथे जाऊन बसायचं, हा बाईंचा नेम. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण कानांनी त्या पंडित होत्या. "अमके महाराज निरूपणात गाठ झकास मारतात, पण सोडायची विसरतात," असं त्या म्हणाल्या की त्या महाराजांना पुढल्या वर्षी बोलवायचं की नाही, ह्याचा गावात विचार व्हायचा.

धोंडीरामला एकच मुलगी, दिशा. पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नसे, पण चुलीपाशी स्टीलची वाटी वाजली की परसातून धावत येई. कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. झेंडूच्या ढिगापाशी बसवलं तर लहान फूल, त्याहून मोठं, त्याहून मोठं, अशी ओळ लावत जाई, आणि मधलं एक कुणी उचललं तर आकांत करी. गावानं तिला काय काय नावं ठेवली! मुकी म्हणून झालं, येडी म्हणून झालं, कुणाची तरी नजर म्हणून झालं. शेजारच्या बाया आपली पोरं तिच्यापासून लांब ओढत. हे सगळं गोजराबाई गिळत होत्या. आतून मात्र जळत होत्या.

त्या वर्षीच्या सप्ताहात महाराज वैराग्य सांगत होते. सोनं आणि मातीचं ढेकूळ ज्याला सारखंच, त्याचं वर्णन ऐन रंगात आलेलं. नेमक्या त्याच वेळी कुणा बाईनं दिशाच्या हातावर एक पेढा आणि रुपयाचं नाणं ठेवलं. दिशानं हात उघडा केला. नाणं पडलं, पेढा पडला. मग तिनं तळवा फ्रॉकला पुसला, एकदा, दोनदा, पाच वेळा.

चिकट काही हाताला लागलेलं तिला सोसत नसे. बस, एवढंच होतं. पण गोजराबाईंच्या कानांत महाराजांचे शब्द घुमत होते आणि छातीत पाच वर्षांचा जाळ होता. त्या मोठ्यानं बोलून गेल्या, "बघा गं बायांनो! महाराज नुसतं सांगत्यात, आन माझी पोर करून दाखवतीय!"

मंडपातल्या बायांनी हात जोडले. महाराजांनीही मान डोलावली. आणि काल जिला येडी म्हणत होते ती दुसऱ्या दिवसापासून मौनी माई झाली.

गोजराबाईंना काय आनंद झाला म्हणता! जिला कुणी पंगतीत शेजारी घेत नव्हतं तिच्यासाठी लोक पाट मांडू लागले. दर एकादशीला बाया मळ्यात येत, नारळ ठेवत, पायांवर डोकं ठेवत. दिशा किंचाळायची. मग स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायची. बाया म्हणत, "माई कोपली, म्हंजी आपलं दुखणं तिनं वढून घेतलं." मनगटावर दातांचे व्रण पडले. ते व्रण दिशाची आई, मंजुषा, रोज हळद लावताना मोजी.

मंजुषा अंबडच्या कारखान्यात फिटर असलेल्या माणसाची लेक, दहावी पास. फार बोलणारी नव्हती. पण एके दिवशी कुणाला न विचारता तिनं पोरीला उचललं आणि शहरात लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आली ती एक चिठ्ठी घेऊन.

"वन्सं, दिशाला ऑटिझम आहे म्हणाले."

"म्हंजी काय?"

"जन्मापासूनच तसं असतं. मेंदूची ठेवण वेगळी. गंगापूर रोडला एक बाई अशा मुलांना शिकवतात, त्यांचा पत्ता दिलाय."

"इंग्रजी नाव ठेवलं म्हंजी आजार झाला व्हय गं? माझी पोर विरक्त हाय. मी येते तुझ्यासंगं. बघतेच कोण ती बाई."

भांडायचं म्हणून त्या गेल्या. एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये सात मुलं आणि एक पन्नाशीची बाई, लताताई. त्यांचा स्वतःचा मुलगाही तसाच होता, कोपऱ्यात बसून एकामागून एक लाकडाच्या गोट्या ओवत होता. गोजराबाईंनी पदर खोचला आणि सगळं सांगितलं. पेढा, नाणं, वैराग्य, काही सोडलं नाही. लताताईंनी ऐकून घेतलं. मग दिशाकडे बोट दाखवलं.

"ती आल्यापासून माझी स्टीलची वाटी धरून बसलीय, अर्धा तास. घ्यायला गेले तर ओरडली. विरक्त माणूस वाटीला एवढा चिकटतो का हो?"

मंजुषाला हसू फुटलं. गोजराबाईंना राग आला आणि, खोटं कशाला सांगा, थोडं हसूही आलं.

"आता मला सांगा," लताताई म्हणाल्या, "तुम्ही कीर्तनाला बसलात, आणि तुमच्या अगदी कानाला भोंगा लावला. समोर दहा बॅटऱ्या डोळ्यांवर. आणि मागून वीस जणांनी तुमचे पाय धरले. महाराज काय सांगतात ते कळेल?"

"कसं कळंल? जीव जाईल की माझा."

"तिचा रोज जातो. आवाज, उजेड, हात लागणं, सगळंच तिला आपल्या दुप्पट-चौपट पोचतं. सांगायचं तर तिला खूप आहे, पण तोंडानं जमत नाही. म्हणून चावते. चावणं हे तिचं बोलणं आहे."

गोजराबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग हळूच म्हणाल्या, "बरी व्हईल?"

"आजारी असती तर बरी झाली असती. ती आजारी नाही. शिकेल. सावकाश, तिच्या पद्धतीनं. आपल्याला तिची पद्धत आधी शिकावी लागेल."

दिशा गॅरेजच्या त्या शाळेत जाऊ लागली. लताताईंनी पुठ्ठ्याची छोटी छोटी कार्डं केली होती. एकावर पाण्याचा पेला, एकावर झोका, एकावर वाटी. जे हवं त्याचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं, की ते मिळतं. आणि एक पिवळं कार्ड होतं, त्यावर नुसती लाल फुली. ते म्हणजे 'नको'. मंजुषानं दिशाच्या फ्रॉकला खास त्यासाठी खिसा शिवला.

दोन महिने गेले, चार गेले. सातव्या महिन्यात एका सकाळी गोजराबाई पोरीला शिरा भरवत होत्या. दिशानं खिशात हात घातला आणि पिवळं कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं.

"एक घास गं बाई, माझ्या नावाचा."

दिशानं कार्ड उचललं, पुन्हा ठेवलं.

"आगं, तूप सोडलंय."

तिसऱ्यांदा ठेवलं. ह्या खेपेला दाबून. मनगट मात्र तोंडाकडे गेलं नाही. ती वाट बघत होती.

गोजराबाईंनी ताटली खाली ठेवली आणि तडक शेवंतीच्या वाफ्यात जाऊन डोळ्यांना पदर लावला. एका शब्दाचं निरूपण महाराज दोन-दोन तास करतात, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. पण एका शब्दासाठी सात वर्षं थांबलेलं माणूस त्या आज पाहत होत्या.

त्या दिवसापासून एकादशीला मळ्याचं फाटक बंद. "माई झोपलीया," असं गोजराबाई सांगत. खरं सांगायचा धीर मात्र झाला नाही. ज्या तोंडानं माई म्हटलं त्या तोंडानं नाही कसं म्हणायचं?

सन दोन हजारच्या माघात पुन्हा सप्ताह उभा राहिला. कमिटीचे मुख्य चिमाजी आप्पा मळ्यात आले, पांढरी टोपी, हातात नारळ.

"आक्का, यंदा काल्याच्या कीर्तनाला वीणा तुमच्या गळ्यात."

गोजराबाईंनी हातातली फुलांची पाटी खाली ठेवली. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बायांना दुपारचा एखादा पहारा मिळे, तोही कधीमधी. आणि काल्याची वीणा, महाराजांच्या शेजारी उभं राहून? गावात अजून कुठल्या बाईला मिळाली नव्हती.

"आन माईलाबी मंडपात बसवू," आप्पा पुढे म्हणाले. "पुढल्या वर्षी देवळामागं तिला मठी बांधायची ठरलीया. काल्याच्या दिवशी जाहीर करतो. तेवढी ती शाळा-बिळा बंद करा. माईनं शाळंत जाणं बरं दिसत नाय."

धोंडीराम स्वतः टाळकरी. तो बहिणीकडे बघून म्हणाला, "आक्का, मान हाय त्यात."

"मान तिला पाहिजे का, हे विचारलं का कुणी?" मंजुषा आतून म्हणाली.

गोजराबाईंचं मन दोन्हीकडे ओढलं. वीणा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला, आणि मधल्या मार्गावर माणूस कसा घसरतो हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. "मठीचं मागून बघू. शाळा चालूच राहील. काल्याला घडीभर बसंल पोर. पर लांबून नमस्कार. अंगाला हात नाय लावायचा."

"लांबूनच, लांबूनच," आप्पा म्हणाले.

काल्याच्या सकाळी ऊन चढायच्या आत वीणा गोजराबाईंच्या गळ्यात पडली. समोर मंडप गच्च भरलेला, शेजारी तेच महाराज, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी सोनं आणि माती सांगितली होती. बाईंना वाटलं, आता डोळे मिटले तरी चालतील.

पण वीणेकऱ्याच्या पाया पडायची रीत. येणारा प्रत्येक जण आधी वीणेला, मग गोजराबाईंच्या पायांना हात लावी. पहिल्या दहा जणांना त्यांनी मनोमन आशीर्वाद दिला. शंभरानंतर पावलं चुरचुरू लागली. बांगड्या टोचत होत्या, कुणाचं कपाळ नखावर आदळत होतं. जागचं हलता येत नव्हतं. त्या मनात म्हणाल्या, पांडुरंगा, मी पन्नाशीची बाई, राजीखुशीनं उभी हाय, तरी मला सोसंना. आणि त्यांची नजर आपोआप दिशाकडे गेली.

डाव्या खांबाशी पाटावर दिशा होती, गळ्यात मळ्यातल्याच शेवंतीचा हार, आणि बरोबर डोक्यावर भोंगा. भोंगा तिथे टांगणार हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते आणि ती पुढे-मागे झुलत होती. मंजुषा शेजारी बसून बायांना अडवत होती. "लांबून, ताई. लांबून." पण रांग लागली की लांबचं जवळ व्हायला कितीसा वेळ? दोघी वाकल्या, मग चौघी. गर्दीच्या रेट्यात मंजुषा खांबाच्या पलीकडे ढकलली गेली.

भागीबाईनं दिशाचे पाय धरले आणि त्यांवर डोकं टेकवलं. भागीबाई वाईट नव्हती. सुनेची तीन बाळंतपणं वाया गेली होती. तिला कुणाचे तरी पाय धरायचे होते.

दिशा किंचाळली नाही. गोजराबाईंनी स्पष्ट पाहिलं. पोरीनं एक हात कानावरून काढला, त्या भयंकर आवाजात काढला, खिशात घातला, आणि पिवळं कार्ड भागीबाईच्या हातात ठेवलं.

नको.

भागीबाईनं कार्डाकडे पाहिलं. डोळे भरून आले. तिनं ते कपाळाला लावलं, डोळ्यांना लावलं, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकलं. "माईनं दिलं! माझ्या हातात दिलं!"

"मलाबी दे, माई!" मागच्या बाया पुढे रेटू लागल्या. पंधरा-वीस हात दिशासमोर पसरले. दिशानं पुन्हा खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तिनं आतलं कापड बाहेर काढून पाहिलं. मग मनगट तोंडात घातलं.

गोजराबाईंच्या आत काहीतरी तुटलं, का जोडलं गेलं, ते त्यांचं त्यांना माहीत. त्या जागेवरून निघाल्या.

मृदंग अडखळला. वीणेकरी कीर्तन सोडून चालला, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. चिमाजी आप्पा आडवे आले.

"आक्का! आवं कुठं? ती वीणा आधी खाली..." आणि स्वतःच जीभ चावून थांबले. खाली ठेवा असं कसं म्हणणार?

"खाली टेकायची नाय एवढाच नेम हाय, आप्पा. चालायचं नाय असा नेम कुणी केलाय? सरका."

वीणा समोर आली की माणूस वाकतो. गावाच्या हाडात मुरलेली सवय. गोजराबाई जिथून गेल्या तिथे लोक वाकून बाजूला झाले, आणि ज्या बायका एरवी हटल्या नसत्या त्यांचीही रांग दुभंगली; मंजुषालाही पोरीपाशी परत येता आलं. त्या खांबाशी पोचल्या आणि भोंग्याकडे हात केला.

"आधी ह्यो बंद करा."

"कीर्तन चालू हाय, आक्का..."

"महाराजांच्या तोंडचं कीर्तन तसंबी ऐकू येतंय! माझ्या आज्यानं भोंग्यावर ऐकलं व्हतं का? बंद!"

खट् करून आवाज गेला. इतका वेळ जे कुणाला ऐकू आलं नव्हतं ते आता ऐकू आलं. मनगट तोंडात धरून दिशा घशातल्या घशात कण्हत होती.

"भागीबाई, पदराची गाठ सोड. ते परत दे तिला."

भागीबाईनं पदर छातीशी धरला. "प्रसाद परत मागत्यात का, आक्का? माईनं आपल्या हातानं दिलाय!"

"तो प्रसाद नव्हे. तो तिचा शब्द हाय." गोजराबाईंनी गाठीकडे बोट केलं. "त्याच्यावर फुली हाय बघ. त्याचा अर्थ नको. पाय धरू नको, हात लावू नको. सात वर्षांत तिला एवढा एकच शब्द आलाय, मोप कष्टानं आलाय, आन तू तो गाठीला बांधून टाकलास. आता तिनं काय बोलायचं?"

मग त्या मंडपाकडे वळल्या.

"समदे ऐका. दोन वर्षांमागं ह्याच मंडपात मी बोलले, माझ्या पोरीनं माया सोडली. ते खोटं. तिला पेढा चिकट लागला, म्हणून टाकला. तुम्ही तिला येडी म्हणत व्हता, ते मला सोसंना, म्हणून मी तिला देव केली. येडीबी नाय ती, आन देवबी नाय. दिशा धोंडीराम नाव हाय तिचं. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणत्यात, त्यात लाजायचं काय नाय आन पुजायचं बी काय नाय. तिला वाटी आवडते, झोका आवडतो. मठीत ती बसायची नाय. उद्या सकाळी ती शाळंत जाईल."

"आक्का, भर काल्यात देवाचा अपमान करताय," चिमाजी आप्पा लालबुंद झाले. "पुढल्या साली वीणा मिळायची नाय तुम्हांला!"

"नका देऊ. आज तर गळ्यात हाय ना? ह्या वीणेच्या देखत सांगते. जित्या लेकराचं नको ज्याला ऐकू येत नाय, त्याचा धावा देवानं का ऐकावा?"

आप्पांनी आधाराला महाराजांकडे पाहिलं. महाराज चिपळ्या हातात धरून उभे होते. वयस्क माणूस, हजार मंडप पाहिलेला. ते इतकंच म्हणाले, "दृष्टांत माझा होता, आप्पा. मीही मान डोलावली होती. बाईंच्या चुकीत अर्धा वाटा माझा धरा." मग भागीबाईकडे वळून, "द्या, माउली. लेकराचं आहे ते."

भागीबाईनं गाठ सोडली. कार्डाला बुक्का लागला होता. तो तिनं पदरानं पुसला आणि कार्ड दिशाच्या हातात न देता पाटाच्या कडेवर ठेवून, दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

दिशानं मनगट सोडलं. कार्ड घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. लाल फुलीवरून बोट फिरवलं.

गोजराबाईंना राहवलं नाही. एका हातानं वीणा सावरून त्या वाकल्या आणि दुसरा हात त्यांनी पोरीच्या गालाकडे नेला. जन्मापासून त्यांनीच न्हाऊमाखू घातलेला गाल तो.

दिशानं पिवळं कार्ड त्यांच्या तळहातावर ठेवलं.

गोजराबाईंचा हात गालापासून चार बोटांवर थांबला. मग तो मागे आला. कार्ड त्यांनी परत तिच्या खिशात सोडलं, अंगाला धक्का न लागू देता.

"बरं, माझे बाई," त्या म्हणाल्या. "नको तर नको."

आणि ताठ होऊन बायांकडे वळल्या. चेहरा असा उजळलेला की काल्याची वीणा मिळाली तेव्हाही तेवढा उजळला नव्हता.

"बघितलं? असं करायचं असतंय."

त्या महाराजांशेजारच्या जागी परत गेल्या नाहीत. वीणा छातीशी धरून पाटापासून चार हातांवर उभ्या राहिल्या, येणाऱ्याला ओलांडता येणार नाही अशा. धोंडीरामनं टाळकऱ्यांची रांग सोडली. खाली मान घालून तो आला आणि पाटाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. हातातले टाळ त्यानं एकमेकांवर घट्ट दाबून धरले होते, चुकून वाजू नयेत म्हणून.

महाराजांनी भोंग्याशिवाय चाल धरली.